अ‍ॅनिमॅटिक दाखवा, मग बोलू

पत्र असं आहे:

"ताई, मी डिचोलीची, रोज कदंब बसनं पणजीला जाऊन अ‍ॅनिमेशनचा कोर्स करते, शेवटचं वर्ष आहे. दोन वर्षांत पाच ग्रुप प्रोजेक्ट केले. पहिला कॉलेजचा, सहाजण होतो, स्टोरीवरच भांडणं झाली आणि संपलं. दुसरा डिस्कॉर्डवरचा, पुणे नाशिक इंदूरची मुलं, डायरेक्टरनं मेन कॅरेक्टरचं डिझाईन तीनदा बदललं, माझे नऊ शॉट फुकट गेले. तिसरा आमच्या वाड्यावरच्या मित्रांबरोबर, जळायला तयार नसलेल्या नरकासुराची गोष्ट, 31 पैकी 14 शॉट झाले आणि मग माझी परीक्षा आली. चौथा एका मैत्रिणीच्या भावाचा म्युझिक व्हिडिओ, तो असाच राहिला. पाचवा एका गाण्याचा मॅप, म्हणजे एकेक तुकडा एकेकानं करायचा, तो मात्र पूर्ण झाला, पण मी बारा सेकंद करून नाव कुठे तर स्पेशल थँक्समध्ये. आता शोरील, म्हणजे आपल्या चांगल्या शॉटची छोटी क्लिप, करायला बसले तर दाखवायला काहीच नाही. बाबा म्हणतात लोकांच्या लग्नात किती नाचणार. मला वाटतं ग्रुपबिप सोडून एकटीनंच करावं. काय करू? नरकासुरातल्या एका शॉटची लिंक देतेय, वेळ मिळाला तर बघा. तुमची, अर्धवट."

अर्धवट बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचताना एक वाक्य टोचलं, "आणि मग माझी परीक्षा आली". बाकी तीन प्रोजेक्टमध्ये कोणीतरी काहीतरी केलं, डायरेक्टरनं डिझाईन बदललं, पोरं भांडली, कोणी नाव खाल्लं, आणि नरकासुरात काय झालं तर परीक्षा "आली", म्हणजे पाऊस आल्यासारखी, कुणाच्याच हातात नाही. म्युझिक व्हिडिओ पण "असाच राहिला". असाच कसा राहील गो, कोणीतरी ठेवला म्हणून राहिला ना. मला वाटतंय या दोन ठिकाणी तू ग्रुपवरचे मेसेज वाचून उत्तर द्यायचं बंद केलंस. चुकत असेन तर सॉरी, पण मी स्वतः हे इतक्या वेळा केलंय की लांबून वास येतो.

ओरडत नाहीये. एवढंच की नऊ शॉट फुकट गेल्याचा राग तुला ज्या डायरेक्टरवर आहे, तसाच राग कदाचित वाड्यावरच्या एखाद्या पोराला तुझ्यावर असेल. त्याच्याकडं मी नंतर येते.

आधी तो एकटीनं करायचा विचार. हा विचार प्रत्येक ग्रुप फुटल्यावर येतोच, आणि तो चुकीचा नाही, फक्त तू तो रागानं करतेयस. एकट्यानं फिल्म होते. लाटव्हियाचा गिंट्स झिलबालोडिस म्हणून दिग्दर्शक आहे, त्यानं 'अवे' ही अख्खी फीचर फिल्म एकट्यानं केली, 2019 ची. आणि मग पुढची फिल्म करताना तोच माणूस टीम घेऊन बसला, ती 'फ्लो', ब्लेंडरमध्ये केलेली, म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर आत्ता फुकट असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि 2025 साली तिला बेस्ट अ‍ॅनिमेटेड फीचरचं ऑस्कर मिळालं. आता गंमत बघ, या फिल्मला कागदावर शॉट चित्रांनी मांडलेला स्टोरीबोर्ड नव्हता म्हणतात म्हणून आपल्याकडची पोरं लगेच खूश होतात की चला आपल्यालाही नको, पण त्यानं त्याऐवजी थ्रीडीमध्ये थेट अख्ख्या फिल्मचा सलग कच्चा व्हिडिओ, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक केलं होतं, कॅमेरा फिरवून फिरवून. बोर्ड सोडला, अ‍ॅनिमॅटिक नाही सोडलं.

मला तुला सांगायचंय ते हेच आहे. तुझ्या पाचही प्रोजेक्टबद्दल तू एवढं लिहिलंस, किती जण, कुठले, किती शॉट, आणि अ‍ॅनिमॅटिक हा शब्द पत्रात एकदाही नाही. कॉलेजच्या ग्रुपात तर स्टोरीच ठरली नव्हती, तिथं काय असणार. डिस्कॉर्डवाल्याकडं असतं तर डिझाईन बदलून बदलून किती बदललं असतं? ज्याला आपली फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा तरी सलग बघायला मिळालेली नसते ना, तोच माणूस डिझाईन बदलत बसतो, कारण तेवढंच त्याच्या हातात असतं. नाक बदललं, केस बदलले, की वाटतं काम पुढं गेलं.

म्हणून यापुढं कोणीही म्हणालं की "आम्ही फिल्म करतोय, येतेस का", तर एकच उत्तर. अ‍ॅनिमॅटिक दाखवा, मग बोलू. काडीची माणसं चालतील, फोनवर रेकॉर्ड केलेले कच्चे आवाज चालतील, चौकोनात "इथे बॅकग्राउंड" असं लिहिलेलं चालेल, पण पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सलग आणि खऱ्या वेळात. ते बघितल्यावर तुला तीन मिनिटांत कळतं की ही फिल्म आहे की नुसता उत्साह. आणि नसेल आणि लोक तुला आवडत असतील, तर म्हण की मी अ‍ॅनिमॅटिक करायला येते, दोन आठवडे, त्यानंतर बघू. तेवढं कबूल कर, त्याहून जास्त नको.

आणि अ‍ॅनिमॅटिक असलं की हिशोब करता येतो, जो आपण अ‍ॅनिमेशनवाले कधी करत नाही आणि मग रडतो. नरकासुराचाच करू. 31 शॉट, सरासरी सहा सेकंदांचा एक धरला तर तीन मिनिटांच्या वर थोडं. सेकंदाला 24 फ्रेम, तू टूजवर करतेस म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरून ठेवायचं, सेकंदाला 12 ड्रॉइंग. उरलेले 17 शॉट गुणिले सहा म्हणजे 102 सेकंद, म्हणजे 1224 ड्रॉइंग. चौघांत वाटली तर प्रत्येकी 306. कॉलेज, कदंब, जेवण, झोप यातून दिवसाला क्लीनअपसकट (कच्च्या रेघा पक्क्या करणं) 12 होतात असं धर, रोज हं, रविवारसकट, तर जवळजवळ 26 दिवस. होल्ड, म्हणजे न हलता थांबलेली ड्रॉइंग, वगैरे धरून थोडं कमी होईल, पण वीज गेली, कुणाला ताप आला, यात ते परत वाढेल. आता 17 मधले 7 शॉट उडवलेस तर? 60 सेकंद, 720 ड्रॉइंग, प्रत्येकी 180, 15 दिवस. बघ, तुला वाटत होतं फिल्म मेली. ती पंधरा दिवसांवर आहे गो.

शॉट उडवायला जीव तुटतो, माहितेय. पण नरकासुर डोकं खाजवतो, नरकासुर आभाळाकडं बघतो, नरकासुर उसासा टाकतो असे तीन शॉट असणार तुमच्याकडं, पैज लावते, त्यातला एक ठेवा.

आता तारीख. कॉलेजवाल्या, डिस्कॉर्डवाल्या सगळ्यांची डेडलाईन "लवकरच" असते. आपल्याकडं जत्रेचं नाटक कधी ऐकलंयस पुढं ढकललं म्हणून? तिथी ठरलेली, देवाची पालखी फिरून आली की पडदा वर जाणार, मग नायकाचं पाठांतर झालेलं असो नसो, प्रॉम्प्टर विंगेत उभा राहतो आणि निभावतं. निभावतं म्हणजे दुसऱ्या अंकात नायक प्रॉम्प्टरच्या आधीच तिसऱ्या अंकातलं वाक्य टाकून मोकळा होतो हेही मी बघितलंय, पण नाटक झालं ना. तुमच्या फिल्मला तर तारीख आयतीच आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अख्खा वाडा तसाही जागाच असतो, जाळायचा खरा नरकासुराचा पुतळा उभा करायला, गाण्यांचे बॉक्स लावून. त्याच रात्री एक पांढरी बेडशीट आणि भाड्याचा प्रोजेक्टर, खऱ्या नरकासुराशेजारी तुमचा न जळणारा नरकासुर. पहाटेला एक जळेल, दुसरा राहील. (हे मलाच इतकं आवडलंय की तुम्ही नाही केलंत तर मी येऊन करीन.) फक्त शॉटचं काम गणपतीच्या चवथीच्या आधी संपवा, चवथीत गोव्यात कोण कुणाचं ऐकतं, गणपतीवर फळांची माटोळी बांधायची की क्लीनअप करायचं. चवथीनंतर फक्त कॉम्पोझिट (सगळे थर एकत्र जोडणं) आणि साउंड ठेवा.

नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवलला, पणजीत जगभरची फिल्मवाली माणसं रस्त्यावर चहा पीत उभी असतात, 2004 पासून बहुतेक दरवर्षी. तिथं कुणाला फोनवर पूर्ण झालेली फिल्म दाखवणं आणि "आम्ही करतोय एक" असं सांगणं यात किती फरक आहे ते मी तुला सांगायला नको.

मधेच एक माझी फजिती सांगते, कारण ती ऐकून माझे स्टुडंट निदान एक गोष्ट विसरत नाहीत. आम्ही चौघांनी शिकत असताना तीन मिनिटांची फिल्म केली होती, आजी आणि तिचा रेडिओ. तिघांनी 24 वर ड्रॉ केलं, साउंड त्यावरच बसवलेला, आणि एडिट माझ्याकडं. मी प्रोजेक्ट उघडला 25 वर, कारण तेव्हा आपल्याकडचा टीव्ही पॅल होता, 25 चा, आणि कॉलेजच्या मशीनवर तेच डीफॉल्ट. 4320 फ्रेम 25 नं चालवल्या की तीन मिनिटांची फिल्म सव्वासात सेकंद आधी संपते. स्क्रीनिंगला आजी शेवटचं वाक्य बोलून तोंड मिटून, हात जोडून, फेड आऊट होऊन गेली आणि काळ्या पडद्यावर तिचा आवाज चालूच. लोकांना वाटलं आजी वारली, काहीजण हळवे झाले, एकानं नंतर येऊन सांगितलं की शेवट फार सुंदर होता. मी थँक्यू म्हटलं. बाकीच्या तिघांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

तर ग्रुपमध्ये काम म्हणजे चांगलं ड्रॉ करणं जितकं आहे तितकंच हे आहे, की तुझी फाईल पुढच्या माणसाच्या हातात पडली की त्यानं तुला फोन न करता काम सुरू केलं पाहिजे. फ्रेम रेट, कॅनव्हासचा साइज, ब्रशची जाडी, रंगांची पॅलेट हे पहिल्या दिवशी एका पानावर लिहून ड्राइव्हवर. फायनल, फायनल2, फायनल_खरंच असली नावं बंद. फिल्मचं नाव, शॉट नंबर, व्हर्जन नंबर, बस. जुनी फाईल कधीच डिलीट करायची नाही आणि कुणाच्या फाईलवर आपली सेव्ह करायची नाही. आणि रेंडर थेट व्हिडिओत काढू नकोस, पीएनजी सिक्वेन्स काढ, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र, कारण पावसात आपल्याकडं वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, व्हिडिओ अर्धवट राहिला की सगळाच गेला, सिक्वेन्स जिथं थांबला तिथून पुढं चालू करता येतो. एक गूगल शीट ठेवा, शॉट नंबर, कुणाकडं, कुठवर, रफ की क्लीन. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे ठेवलं की ते गुड मॉर्निंगच्या गणपतीखाली गाडलं जातं.

मॉडेल शीट पण लॉक करायची. म्हणजे कॅरेक्टरचा समोरून, बाजूनं, मागून असा टर्नअराउंड, आणि एकदा सगळ्यांनी हो म्हटलं की त्यानंतर नाक बदलायचं असेल तर ज्याला बदलायचंय त्यानं आधी झालेले सगळे शॉट स्वतः परत करायचे. हा नियम नुसता सांगितला तरी नाकं आपोआप ठीक दिसायला लागतात.

आता ते स्पेशल थँक्स. मॅपमध्ये होतं असं, पन्नास-पन्नास तुकडे असतात, कोणीतरी रात्री जागून क्रेडिट टाइप करतो आणि चुकतो. पण बारा सेकंद म्हणजे 144 ड्रॉइंग गो, थँक्स कसलं, तू त्या फिल्मची अ‍ॅनिमेटर आहेस. ज्यानं एडिट केलं त्याला सरळ आणि गोड मेसेज टाक, "माझा भाग अमुक मिनिटापासून अमुकपर्यंत आहे, अ‍ॅनिमेशनच्या यादीत नाव टाकाल का, डिस्क्रिप्शनमध्ये बदललं तरी चालेल". बहुतेक जण बदलतात. भांडायची गरज पडत नाही, आणि पडलीच तरी मॅपसाठी पडू देऊ नकोस, तेवढ्या शक्तीत एक शॉट होतो.

पुढच्यांसाठी मात्र आधीच लिहून घ्यायची सवय लाव, वकील नको, एक ईमेल बास. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात सिनेमाचा ऑथर म्हणजे निर्माता, आणि निर्माता कोण तर ज्यानं पुढाकार घेऊन फिल्म करायची जबाबदारी घेतली तो. स्टुडंट ग्रुपात हा कोण ते कोणालाच माहीत नसतं, फिल्मला कुठं बक्षीस मिळेपर्यंत. मग अचानक सगळेच निर्माते. आणि हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी असावं लागतं, तोंडी "अरे तुझंच आहे रे" याला अर्थ नाही. म्हणून एका पानात लिहा की निर्माता कोण, कुणाला कुठलं क्रेडिट, प्रत्येकानं आपले शॉट शोरीलमध्ये वापरले तर चालेल का, आणि कोणी मधेच गेलं तर त्याच्या कामाचं आणि नावाचं काय. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कोणीतरी जातंच. परीक्षा येते.

म्युझिकबद्दल एकच, सिनेमातलं गाणं टाकू नका, फेस्टिवलला अडकतं. वाड्यावर घुमट वाजवणारी पोरं आहेत ना, त्यांना विचारून, देवळाच्या मंडपात पंखे बंद करून रेकॉर्ड करा, आणि त्यांची नावं क्रेडिटमध्ये टाका, थँक्समध्ये नको.

शोरील. "दाखवायला काहीच नाही" हे मला पटत नाही. शोरीलला पूर्ण फिल्म लागत नाही, शॉट लागतात. डिस्कॉर्डवाल्याचे नऊ शॉट त्याच्या फिल्मला फुकट गेले, तुला नाही, त्याला विचार की रीलमध्ये वापरू का, तो हो म्हणेल, त्याला तरी त्याचं दुसरं काय करायचंय. नरकासुराचे तुझे शॉट, मॅपचे बारा सेकंद. एका मिनिटाच्या आत ठेव, सगळ्यात चांगला शॉट पहिला, कारण बघणारा दहाव्या सेकंदाला चहाला उठू शकतो. आणि प्रत्येक शॉटखाली बारीक अक्षरात लिही की यात तू काय केलंस, फक्त मुख्य पोझ (की-पोझ), का क्लीनअप, का सगळं. ग्रुपच्या कामाला हे न लिहिणं म्हणजे दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणं, आणि ही इंडस्ट्री आपल्या तालुक्याएवढी आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.

बाबांना सांग की लोकांच्या लग्नात नाचणाऱ्यालाच पुढच्या लग्नाचं बोलावणं येतं. नको सांगू, राहू दे, भांडण होईल.

आता वाड्यावरचा मेसेज. ग्रुपवर नको, आधी ज्याची ती गोष्ट होती त्याला एकट्याला. भेटलीस तर बरं, पण धीर होत नसेल तर असं लिही: "मी परीक्षेच्या वेळेला न सांगता गायब झाले, चुकलं. मला नरकासुर पूर्ण करायचाय. सात शॉट कमी केले तर चौघांत पंधरा दिवसांचं काम आहे, मी हिशोब केलाय. रविवारी बसून आधी अ‍ॅनिमॅटिक करू या का?" एवढंच. परीक्षा किती कठीण होती ते लिहू नकोस. तो दोन दिवस उत्तर देणार नाही, देऊ दे त्याला सावकाश, तू किती महिने लावलेस. नाही म्हणाला तर तुझे शॉट रीलमध्ये वापरायची परवानगी माग आणि मग एकटीनं एक तीस सेकंदांचं काहीतरी कर, तेव्हा तो रागातला निर्णय नसेल.

लिंक बघितली. आठ वेळा बघितली, शेवटी फ्रेम फ्रेम करून. पोरगा नरकासुराचा दोर ओढतो तो शॉट ना, आठ सेकंद. चेहरा फार सुंदर आहे, तो ओठ दाबतो ती जागा तर मस्तच, ती कुठं शिकवून येत नाही. पण वजन नाहीये. त्याचा हात आणि नरकासुर एकाच ड्रॉइंगला हलतात, त्यामुळं तो दोर ओढतोय असं वाटत नाही, पडदा सरकवतोय असं वाटतं. घरी दाराच्या कडीला ओढणी बांध आणि ओढून बघ, फोनवर रेकॉर्ड कर. आधी कंबर मागं जाते, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. त्याच्या टाचा चिखलात थोड्या घसरू देत, दिवाळीच्या रात्री आपल्याकडं वाड्यावर कोरडी जमीन कुठं असते. दोराला आधी झोळ दे, मग तो ताणला जाऊ दे, ताणल्यावर दोन ड्रॉइंग कोणालाच हलू देऊ नकोस, पोरगा नाही, दोर नाही. आणि मग नरकासुराचं फक्त डोकं आधी हलव, धड नंतर.